राहून गेलेलं रडणं

जून उजाडला आणि शाळा उघडायला आठवडा उरला की आमच्याकडे बाटाच्या दुकानात जायचा बेत ठरायचा. दुकानातले काका पायाखाली मापाची पट्टी सरकवायचे. आई बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बघायची आणि म्हणायची, "एक नंबर मोठाच द्या, पुढच्या वर्षीही चालले पाहिजेत." शाळेसाठी काळे, पीटीसाठी पांढरे कॅनव्हासचे. किमतीच्या शेवटी पंच्याण्णव पैसे ठरलेले. बाटा ही कंपनी आपल्याकडचीच, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. १९३० च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर वसलं आणि ते नाव इथे इतकं रुजलं, की त्याचं मूळ गाव तेव्हाच्या झेकोस्लोव्हाकियातलं झ्लीन आहे हे सांगितलं तर आजही माणसं चकित होतात.

त्याच झ्लीनमध्ये, बाटाच्या इस्पितळात काम करणाऱ्या एका डॉक्टरच्या घरी, ३ जुलै १९३७ रोजी एक मुलगा जन्मला. नाव टोमाश स्ट्राउस्लर. जगाने पुढे त्याला टॉम स्टॉपर्ड म्हणून ओळखलं. इंग्रजी रंगभूमीवर गेल्या साठ वर्षांत जे मोजके नाटककार स्वतःच्या नावाचं विशेषण मागे ठेवून गेले, त्यांत ते एक. 'आर्केडिया'चे नाटककार, 'शेक्सपिअर इन लव्ह'चे ऑस्करविजेते सहपटकथाकार, 'सर' हा किताब मिळालेले पक्के इंग्रज गृहस्थ. नोव्हेंबर २०२५ मध्ये, ८८ व्या वर्षी ते गेले, तेव्हा बहुतेकांना आठवले ते त्यांचे लखलखीत, चतुर संवाद.

मला त्यांची गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगायची आहे. एका लहान मुलाला वडील गेल्याचं सांगितलं गेलं, आणि त्याला रडू आलं नाही. ते रडणं राहून गेलं. ते त्याला गाठायला निम्म्या शतकाहून अधिक काळ लागला, आणि ते रंगमंचावर यायला आणखी वीस वर्षं. मधल्या काळात त्याने जगाला भरपूर हसवलं. त्या हसण्याच्या आणि त्या राहून गेलेल्या रडण्याच्या मधोमध त्याची सगळी कारकीर्द उभी आहे, असं मला वाटतं.

*

झ्लीन हे कंपनीने घडवलेलं गाव. लाल विटांचे कारखाने, तशाच विटांची कामगारांची घरं, शाळा, सिनेमागृह आणि इस्पितळ. टोमाशचे वडील ऑयगन स्ट्राउस्लर तिथे डॉक्टर. आई मार्था. टोमाशहून दोन वर्षांनी मोठा भाऊ पेत्र. घर ज्यू होतं, पण त्यात धर्माला फारशी जागा नव्हती.

१५ मार्च १९३९ ला जर्मन फौजा देशात शिरल्या. इस्पितळाचे प्रमुख डॉ. आल्बर्ट यांना पुढचं चित्र दिसत होतं. बाटाची दुकानं आणि कारखाने जगभर पसरले होते. कंपनीने आपल्या ज्यू कर्मचाऱ्यांना परदेशातल्या शाखांमध्ये बदली करून बाहेर काढायचं ठरवलं. कागदावर ती साधी बदली होती, प्रत्यक्षात ते जीवदान होतं. स्ट्राउस्लर कुटुंबाच्या वाट्याला सिंगापूर आलं. टोमाश तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. दोन्हीकडचे आजी-आजोबा मागेच राहिले.

सिंगापूर म्हणजे ब्रिटिशांचा अभेद्य किल्ला, असं तेव्हा सगळे मानत. १५ फेब्रुवारी १९४२ ला तो किल्ला जपान्यांनी घेतला. त्याच्या थोडे दिवस आधी बायका-मुलांना जहाजांवर चढवण्याची धावपळ सुरू होती. मार्था दोन मुलांना घेऊन एका जहाजावर चढली. आपण ऑस्ट्रेलियाला चाललोय अशी तिची समजूत होती. जहाज पोहोचलं हिंदुस्थानात. ऑयगन मागे थांबला. नंतर निसटण्यासाठी तोही एका जहाजावर चढला आणि ते जहाज जपानी बॉम्बहल्ल्यात सापडलं. तो जपान्यांच्या कैदेत मेला असावा, असंच त्याच्या मुलांना पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं.

*

हिंदुस्थानात आल्यावर मार्था आणि मुलं काही काळ इकडून तिकडे फिरत राहिली आणि शेवटी दार्जिलिंगला स्थिरावली. तिथे पुन्हा बाटाच कामी आलं. दार्जिलिंगमधल्या बाटाच्या दुकानाची ती व्यवस्थापक झाली. घर गेलं, नवरा बेपत्ता, भाषा परकी. अशा अवस्थेत ती बाई रोज दुकान उघडत होती, लोकांच्या पायांची मापं घेतली जात होती, हिशेब लिहिले जात होते. शाळेचे बूट घ्यायला येणारी मुलं आणि त्यांच्या आया तिच्याही दुकानात आल्या असतील. स्टॉपर्डची गोष्ट वाचताना माझं मन या दुकानापाशी सर्वांत जास्त रेंगाळतं.

मुलं माउंट हर्मन या शाळेत जाऊ लागली. अमेरिकी मिशनऱ्यांनी चालवलेली, अनेक देशांची मुलं एकत्र शिकवणारी ती शाळा. तिथे पेत्रचा पीटर झाला आणि टोमाशचा टॉम. इंग्रजी ही त्याची भाषा झाली ती इथे, हिमालयाच्या कुशीत.

एके दिवशी आईच्या ओळखीतल्या एका बाईंनी दोघा भावांना फिरायला नेलं आणि वाटेत सांगितलं, की तुमचे वडील आता नाहीत. मग त्यांना घरी आणून सोडलं. आई वाट पाहत होती. मुलं ठीक आहेत ना, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. मुलं ठीक होती. स्टॉपर्डनी पुढे हा प्रसंग स्वतः लिहिला. काहीतरी महत्त्वाचं घडतंय हे तेव्हा कळलं, पण काही गमावल्यासारखं आतून वाटलं नाही, असं त्यांनी प्रांजळपणे नोंदवलं. ज्याला आपण नीट पाहिलंही नाही, त्याच्यासाठी रडणार कसं?

त्याच शाळेतली दुसरी एक आठवण त्यांनी जपली होती. एका लांब ओसरीवरून तो मैदानाकडे निघाला होता, भिंतीच्या कडेवरून बोट फिरवत. आणि एकाएकी त्याला जाणवलं, की आपण पूर्ण सुखात आहोत, सगळं छान आहे आणि तसंच राहणार आहे. एका बाजूला न आलेलं रडू, दुसऱ्या बाजूला कारण नसताना दाटून आलेलं हे सुख. दोन्ही एकाच मुलाच्या, एकाच गावातल्या आठवणी.

*

१९४५ च्या अखेरीस मार्थाने ब्रिटिश सैन्यातल्या मेजर केनेथ स्टॉपर्डशी लग्न केलं. १९४६ च्या सुरुवातीला हे कुटुंब इंग्लंडला पोहोचलं. आठ वर्षांच्या टॉमला नवा देश मिळाला आणि नवं आडनाव. त्याला तो देश मनापासून आवडला. क्रिकेट आवडलं, शिस्तशीर बागा आवडल्या, भाषा तर आधीच आपली झाली होती. मेजरसाहेबांच्या मते इंग्रज म्हणून जगण्यापेक्षा मोठं भाग्य नव्हतं, आणि आपण या मुलांना ते मिळवून दिलं याची जाणीव ते त्यांना करून देत असत.

मार्था मागचं काही बोलत नसे. झेक भाषा घरातून गेली. ज्यू असण्याचा उल्लेख पुसट होत गेला. हे तिने का केलं असावं? तिच्या पिढीच्या बायकांनी नावामुळे माणसं मारली जाताना पाहिली होती. आता मुलांना सुरक्षित नाव मिळालं होतं. त्यावर जुनी सावली कशाला पाडायची? मला तिचं मौन लपवाछपवीचं वाटत नाही. झोपलेल्या लेकरावर आई पांघरूण ओढते, तसं ते होतं. पण पांघरुणाखाली जे होतं ते कुठे जाणार होतं?

टॉम कॉलेजात गेलाच नाही. १९५४ मध्ये सतराव्या वर्षी ब्रिस्टलच्या 'वेस्टर्न डेली प्रेस'मध्ये बातमीदार म्हणून लागला. कोर्टाच्या बातम्या, गावातल्या बातम्या, मग नाटकांची परीक्षणं. ब्रिस्टल ओल्ड व्हिकमध्ये तेव्हा पीटर ओटूल नावाचा तरुण नट गाजत होता. त्याचा हॅम्लेट पाहून या बातमीदाराच्या डोक्यात रंगभूमी शिरली ती कायमची.

*

हॅम्लेटमध्ये रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डेनस्टर्न अशी दोन किरकोळ पात्रं आहेत. हॅम्लेटचे हे जुने मित्र. राजा त्यांना बोलावून घेतो, हॅम्लेटवर पाळत ठेवायला लावतो, आणि शेवटाकडे ते मारले गेल्याची वार्ता एका वाक्यात कानावर पडते. आपल्या संगीत नाटकांतल्या भालदार-चोपदारांवर कुणी अख्खं नाटक लिहावं, तसं स्टॉपर्डनी या दोघांवर लिहिलं. मूळ नाटकात ते विंगेत असतात तेव्हा इथे आपल्यासमोर असतात. पडदा उघडतो तेव्हा ते छापा-काटा खेळत आहेत आणि दर वेळी छापाच पडतोय. होता होता हा आकडा ९२ वर जातो. जगाचे नियम कुठेतरी बिघडलेत एवढं त्यांना कळतं. आपल्याला पहाटे कुणीतरी हाक मारून बोलावलं, एवढं आठवतं. का बोलावलं, कुठे चाललोय, नाटक कोणतं आहे, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये एडिंबरोच्या फ्रिंज महोत्सवात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी हे नाटक एका साध्या सभागृहात केलं. 'ऑब्झर्व्हर'मध्ये रोनाल्ड ब्रायडन यांनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं. नॅशनल थिएटरचे साहित्य सल्लागार केनेथ टायनन यांनी ते वाचून लगेच संहिता मागवली. ११ एप्रिल १९६७ ला लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये नॅशनल थिएटरने पडदा उघडला. नाटककाराचं वय २९. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याला सर्वोत्कृष्ट नाटकाचा टोनी पुरस्कार मिळाला.

तेव्हा सगळ्यांनी हे नाटक बेकेटच्या वळणाचं, तत्त्वज्ञानाशी खेळणारं, म्हणून पाहिलं. ते तसं आहेही. पण आज लेखकाचं बालपण ठाऊक असल्यावर मला त्यात आणखी काही दिसतं. कुणीतरी हाक मारली आणि दोघं निघाले. जहाजावर चढले. जहाज कुठे जातंय याची खात्री नाही. दूर कुठेतरी मोठ्यांचं एक रक्तरंजित नाटक चाललंय आणि त्याचे पडसाद तेवढे कानावर येताहेत. झ्लीनहून सिंगापूर, सिंगापूरहून हिंदुस्थान असा प्रवास केलेल्या दोन भावांची ही अवस्था नव्हती का? स्टॉपर्डनी तसं ठरवून लिहिलं असं माझं म्हणणं नाही. पण माणूस जे विसरतो, तेही त्याच्या हातून उतरत असतं.

*

१९७० च्या दशकात 'जम्पर्स' आणि 'ट्रॅव्हेस्टीज' आली आणि स्टॉपर्ड हे नाव बुद्धीच्या आतषबाजीशी जोडलं गेलं. त्यासोबत एक तक्रारही सुरू झाली: डोकं आहे, काळीज कुठे आहे? आजूबाजूचे ब्रिटिश नाटककार राजकीय नाटकं लिहीत असताना हा माणूस शब्दांशी खेळतो, असा त्या तक्रारीचा रोख होता.

१९७७ साली त्या तक्रारीला उत्तर मिळालं. जानेवारीत प्रागमधल्या लेखक-विचारवंतांनी 'चार्टर ७७' हे नागरी हक्कांचं निवेदन प्रसिद्ध केलं आणि नाटककार व्हाक्लाव हावेल तुरुंगात गेले. स्टॉपर्ड त्या वर्षी आधी रशियात गेले आणि जूनमध्ये प्रागला. लहानपणी देश सोडल्यानंतरची ही त्यांची तिथली पहिली फेरी. नुकत्याच सुटलेल्या हावेलना ते भेटले. दोघेही नाटककार, वयात जेमतेम एका वर्षाचं अंतर, दोघांचाही जन्म त्याच देशातला. मार्था लग्नानंतर इंग्लंडऐवजी मायदेशी परतली असती तर आपलं आयुष्यही याच वाटेने गेलं असतं, हे स्टॉपर्डना तिथे लख्ख कळलं असणार.

त्या भेटीनंतर लिहिलेलं 'प्रोफेशनल फाउल' हे टीव्ही नाटक सप्टेंबर १९७७ मध्ये बीबीसीवर झालं. ते त्यांनी हावेलना अर्पण केलं. अँडरसन नावाचे नीतिशास्त्राचे इंग्रज प्राध्यापक परिषदेच्या निमित्ताने प्रागला जातात. खरा ओढा असतो तिथल्या फुटबॉल सामन्याचा. एक जुना झेक विद्यार्थी हॉटेलात भेटायला येतो. तो आता साफसफाईची कामं करतो, पण त्याने एक प्रबंध लिहिलाय. सरांनी तो लपवून इंग्लंडला न्यावा एवढीच त्याची विनंती. सर नकार देतात. यजमानांशी असं वागणं शिष्टाचाराला धरून नाही, हे त्यांचं कारण. मग ते त्या विद्यार्थ्याच्या घरी जातात, तिथे पोलिसांची झडती पाहतात, त्याच्या लहान मुलाचं रडणं पाहतात. त्यानंतर परिषदेत ते ठरलेला निबंध बाजूला ठेवून व्यक्तीच्या हक्कांवर बोलतात आणि प्रबंध सीमेपार जाईल अशी व्यवस्था करतात. आयुष्यभर नीतीवर व्याख्यानं देणारा माणूस एका रडणाऱ्या पोरापुढे प्रथमच नीतीने वागतो. स्टॉपर्डमध्ये काळीज नाही म्हणणाऱ्यांनी हे नाटक जरूर पाहावं. पुढे त्यांनी हावेल यांचं 'लार्गो देसोलातो' इंग्रजीत आणलं आणि दडपशाहीखालच्या लेखक-कलावंतांची बाजू अखेरपर्यंत घेतली.

पटकथांचं काम समांतर चालू होतं. टेरी गिलियमच्या 'ब्राझील'चे (१९८५) ते सहलेखक. फायलींच्या कारभारात एका अक्षराची चूक होते आणि निरपराध माणूस जिवानिशी जातो, अशी ती कथा. १९८७ मध्ये स्टीव्हन स्पिलबर्गसाठी त्यांनी 'एम्पायर ऑफ द सन'ची पटकथा लिहिली. शांघायमधला इंग्रज मुलगा, जपानी आक्रमणाच्या गर्दीत आईचा हात सुटतो, मग युद्धाची वर्षं जपानी छावणीत काढतो. मूळ कादंबरी जे. जी. बॅलार्ड यांची. त्याच युद्धात, त्याच आक्रमणात वडील गमावलेला लेखक ती पडद्यासाठी लिहीत होता.

*

१९९० च्या सुमारास स्टॉपर्ड दार्जिलिंगला परत आले. ती शाळा, ती ओसरी त्यांनी पुन्हा पाहिली. त्याच काळात, १९९१ मध्ये, त्यांची 'इन द नेटिव्ह स्टेट' ही नभोनाटिका बीबीसीवर झाली आणि १९९५ मध्ये तिचं 'इंडियन इंक' हे रंगमंचीय रूप आलं. १९३० साल, जुम्मापूर नावाचं काल्पनिक संस्थान, तिथे आलेली इंग्रज कवयित्री फ्लोरा क्रू आणि तिचं चित्र काढणारा नीरद दास. तो तिला रससिद्धान्त समजावून सांगतो, शृंगाररसाबद्दल बोलतो. आपल्या सौंदर्यशास्त्राची ही ओळख लंडनच्या रंगमंचावर इतक्या आदराने क्वचितच कुणी करून दिली असेल.

फ्लोराचं काम फेलिसिटी केंडल यांनी केलं, आणि इथे ही गोष्ट थेट आपल्या जुहूला येऊन टेकते. फेलिसिटीचे वडील जेफ्री केंडल यांची 'शेक्सपिअराना' ही फिरती नाटक मंडळी भारतभर शाळा-कॉलेजांत आणि संस्थानांत शेक्सपिअरचे प्रयोग करत हिंडायची. फेलिसिटी त्यातच वाढल्या. थोरली बहीण जेनिफर यांनी शशी कपूरशी लग्न केलं आणि त्या दोघांनी १९७८ मध्ये मुंबईत पृथ्वी थिएटर उभं केलं. मराठी-हिंदी प्रायोगिक रंगभूमीच्या कितीतरी पिढ्या त्या छोट्या रंगमंचावर घडल्या. 'इंडियन इंक' स्टॉपर्डनी या बहिणींच्या आईच्या, लॉरा केंडल यांच्या, स्मृतीला अर्पण केलं आहे.

मधे १३ एप्रिल १९९३ ला नॅशनल थिएटरमध्ये 'आर्केडिया'चा पडदा वर गेला होता. डर्बीशरमधला एक वाडा, एकच खोली, आणि त्या खोलीत आलटून पालटून १८०९ आणि आजचा काळ. आजचे अभ्यासक जुनी पत्रं, वह्या चाळून त्या घरात काय घडलं असावं याचे तर्क लढवतात आणि पुष्कळदा चुकतात. खरं काय घडलं ते आपण प्रेक्षक पाहत असतो. टॉमसिना ही तेरा वर्षांची बुद्धिमान मुलगी मास्तरांना विचारते, की भाताच्या खिरीत मुरंबा ढवळला तर लाल रेषा पसरतात, पण उलटं ढवळलं तर मुरंबा पुन्हा वेगळा का होत नाही? काळ मागे वळत नाही, हे उष्णतेचं शास्त्र ती खिरीच्या वाटीत पकडते. दोन्ही काळांच्या वस्तू एकाच टेबलावर साचत जातात आणि शेवटी दोन्ही काळांतली जोडपी एकाच खोलीत, एकमेकांना न दिसता, वॉल्ट्झ नाचतात. टॉमसिनाचा मृत्यू जवळ आलाय हे आपल्याला कळलेलं असतं, तिला नसतं. माझ्या मते हे त्यांचं सर्वांत परिपूर्ण नाटक.

आणि त्याच १९९३ मध्ये, त्याच नॅशनल थिएटरमध्ये, आईच्या माहेरची एक नातलग स्टॉपर्डना भेटायला आली. तिने कागदावर वंशवृक्ष काढला. आपल्या घरात ज्यू रक्त थोडंसं असावं, अशी स्टॉपर्डची समजूत होती. आपण कितपत ज्यू होतो, असं त्यांनी विचारलं. पूर्णपणे, असं उत्तर आलं. मग ते एकेका नावावर बोट ठेवून विचारत गेले, हिचं काय झालं, ह्याचं काय झालं. चारही आजी-आजोबा नाझींच्या हातून मेले होते. आईच्या तीन बहिणीही. जुन्या कागदांवरून भूतकाळ चुकीचा वाचणाऱ्या माणसांवरचं नाटक रंगमंचावर आलं होतं, आणि नाटककाराच्या हातात त्याच्या स्वतःच्या घराचा कागद त्याच वर्षी पडला होता. तेव्हा त्यांचं वय ५६ च्या घरात होतं.

*

१९९६ मध्ये मार्था गेली. त्यानंतर सावत्र वडिलांनी टॉमला पत्र पाठवून स्टॉपर्ड हे आडनाव वापरणं बंद करायला सांगितलं. ज्यू समाजाकडे त्याची वाढती ओढ त्यांना रुचली नव्हती. ज्या नावाने ३० वर्षं जग ओळखत होतं, ते आता टाकणं शक्य नाही, असं उत्तर टॉमनी पाठवलं.

१९९८ मध्ये टॉम आणि पीटर झ्लीनला गेले. त्यांना वाचवणाऱ्या डॉ. आल्बर्ट यांच्या मुली तिथे होत्या, आता वयस्कर झालेल्या. त्यांतल्या एकीने सांगितलं, की लहानपणी काच फुटून तिचा हात कापला होता आणि डॉ. स्ट्राउस्लरनी त्या जखमेला टाके घातले होते. तिने हात पुढे केला. वण अजून होता.

स्टॉपर्डनी त्या वणाला बोट लावलं.

वडिलांच्या हातचं, या जगात उरलेलं एवढंच काम त्यांच्यासमोर होतं. ना पत्र, ना आवाज, ना धड आठवण. दुसऱ्या कुणाच्या कातडीवर, साठेक वर्षांपूर्वी नीट बसलेले टाके. दार्जिलिंगच्या त्या फेरफटक्यात न आलेलं दुःख इथे अवचित वर आलं, असं त्यांनी लिहिलं. १९९९ च्या मार्चमध्ये 'शेक्सपिअर इन लव्ह'साठी मार्क नॉर्मन यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळालं, आणि त्याच वर्षी त्यांनी आपण ज्यू असल्याचं उशिरा कसं कळलं यावर तो प्रांजळ लेख प्रसिद्ध केला. एका हातात ती सोन्याची बाहुली, दुसऱ्या हातात हा वण.

पुढच्या वर्षांत त्यांची नाटकं इतिहासाकडे अधिक थेट वळली. २००२ मध्ये रशियन विचारवंत हर्झेन, बाकुनिन, बेलिन्स्की यांच्यावरची 'द कोस्ट ऑफ युटोपिया' ही नाट्यत्रयी आली. न्यूयॉर्कमध्ये तिला सात टोनी मिळाले. २००६ मध्ये 'रॉक 'एन' रोल' आलं. त्यातला यान १९६८ मध्ये केंब्रिजहून प्रागला परत जातो, म्हणजे स्टॉपर्डच्या हातून निसटलेलं दुसरं आयुष्य जगतो. पण स्वतःच्या घराबद्दल ते अजून बोलले नव्हते.

*

२०२० च्या सुरुवातीला लंडनच्या विंडहॅम्स थिएटरमध्ये 'लिओपोल्डस्टाट' आलं. लेखक ८२ वर्षांचे. दिग्दर्शक पॅट्रिक मार्बर. नटसंचात स्टॉपर्ड यांचा मुलगा एड. व्हिएन्नातल्या एका सधन ज्यू घराण्याची १८९९ ते १९५५ पर्यंतची कथा. सुरुवातीला दिवाणखाना माणसांनी भरलेला आहे. नाताळचं झाड सजवताना एक पोर त्याच्या शेंड्यावर ज्यूंचा तारा लावतं आणि सगळे हसतात, कारण या घरात दोन्ही धर्म नांदताहेत. प्रत्येक अंकागणिक नवी पोरं, नवी लग्नं. १९३८ मध्ये नाझी अधिकारी दारात येतो. त्या गोंधळात कप फुटतो आणि लहान लिओचा हात कापतो. घरातले डॉक्टर काका तिथेच टाके घालतात.

शेवटचा प्रवेश १९५५ चा. दिवाणखाना रिकामा. उरलेत तिघं. त्यांतला लिओ आता लेनर्ड चेम्बरलेन आहे, सावत्र वडिलांचं नाव लावणारा, विनोदी पुस्तकं लिहिणारा, पक्का इंग्रज तरुण. त्याला इथलं काही आठवत नाही. छावणीतून वाचलेला नातलग त्याला खडसावतो, की तू मागे सावली नसल्यासारखा जगतोयस. मग हातावरच्या वणाची गोष्ट निघते. लिओ आपल्या हाताकडे बघतो. आठवतं. आणि तो रडतो.

झ्लीनमध्ये वण दुसरीच्या हातावर होता. नाटकात स्टॉपर्डनी तो स्वतःच्या हातावर घेतला. लिओ हे त्यांनी स्वतःवर काढलेलं सर्वांत कठोर चित्र आहे, आणि त्याला रडू देणं ही त्यांनी स्वतःला दिलेली सर्वांत मोठी मोकळीक. शेवटी वंशवृक्ष उलगडतो. एकेक नाव घेतलं जातं आणि त्यापुढे एकेक ठिकाण. सुरुवातीला ज्या दिवाणखान्यात ती सगळी माणसं हसत होती, तिथेच.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे प्रयोग बंद पडले. पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झाले, मग न्यूयॉर्कला गेले, आणि २०२३ मध्ये स्टॉपर्ड यांना सर्वोत्कृष्ट नाटकाचा पाचवा टोनी मिळाला. हेच त्यांचं शेवटचं नाटक ठरलं.

आपल्याकडे वडीलधारी माणसं सांगतात, की रडू आलं तर रडून घ्यावं, आत ठेवू नये. स्टॉपर्डना तसं सांगणारं कुणी नव्हतं, आणि जिने सांगितलं असतं ती दार्जिलिंगच्या दुकानात उभी राहून दोन मुलांना जगवत होती. तिने मुलांना भूतकाळ दिला नाही, म्हणून त्यांना भविष्य मिळालं. मुलाने आयुष्याच्या अखेरीस तो भूतकाळ शोधून आणला आणि तिच्या मेलेल्या बहिणींसारख्या माणसांना ओळीने रंगमंचावर उभं केलं. मायलेकांनी मिळून एकच काम केलं, असं मला वाटतं. तिने माणसं वाचवली, त्याने नावं वाचवली.